‘अँटीरेसिझम’ला मराठीत काय म्हणायचं?

(सोलापुरातील अभ्यासवर्गात केलेल्या मांडणीचा संपादित मजकूर)



समोर बसलेल्यांपैकी निम्मे जण माझ्यापेक्षा वयाने आणि वाचनाने मोठे आहेत, म्हणून आधीच सांगतो. मी भाषेचा अभ्यासक नाही. मराठी माध्यमातून शिकलो, इंजिनिअरिंग केलं आणि पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. आज एका शब्दावर बोलायचं आहे. हा शब्द मी शोधायला गेलो नव्हतो, तो कामातूनच गळ्यात पडला.

२५ मे २०२० रोजी अमेरिकेत मिनिआपोलिस शहरात पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा दाबून त्यांचा जीव घेतला. त्यानंतर तिथे जो उद्रेक झाला त्याची एक छोटी लाट आमच्या कॉम्प्युटरपर्यंत आली. सॉफ्टवेअरमध्ये ‘मास्टर’, ‘स्लेव्ह’, ‘ब्लॅकलिस्ट’ असे शब्द वर्षानुवर्षं चालत होते. गिटहबने मुख्य शाखेचं नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ केलं. आमच्या अमेरिकन क्लायंटचाही निरोप आला की सगळीकडे शब्द बदला. आम्ही चार जणांनी एका शनिवार-रविवारात शेकडो ठिकाणचे ‘मास्टर’ काढले. काम सोपं होतं. शोधा आणि बदला.

त्याच महिन्यांत मी पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधत होतो. फोनवर एजंट म्हणायचा, या, बघून जा. मग नाव विचारायचा. नाव सांगितलं की मालकाचे भाऊ अचानक गावाहून राहायला येणार असल्याचं कळायचं. पुण्यातल्या घरमालकांना इतके भाऊ असतील याची मला कल्पना नव्हती. हे दुखणं इथे बसलेल्या बहुतेकांना माहीत आहे, त्यावर जास्त बोलत नाही. आजचा विषय वेगळा आहे, आणि तो मला जास्त अडचणीत आणणारा आहे.

पुढच्या वर्षी त्याच क्लायंटने सगळ्यांना ‘अँटीरेसिझम’चा ऑनलाइन कोर्स सक्तीचा केला. कारखान्यातल्या कामगारांसाठी त्याची मराठी पट्टी हवी होती. मराठी माध्यमाचा म्हणून ती तपासायला माझ्याकडे आली. एचआरच्या मॅडम कौतुकाने म्हणाल्या, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” सोलापुरात जन्मलेल्या माणसाचं मराठी छान असतं, यात नवल काय, हे मी मनात म्हटलं. तोंडाने थँक यू म्हटलं.

मशीनने भाषांतर केलं होतं ‘वंशवादविरोधी’. मी तिथेच अडकलो. चूक नव्हती. पण आमच्या प्लांटवरच्या माणसाला ‘वंशवादविरोधी व्हा’ म्हटलं तर तो म्हणेल, साहेब, वंश वगैरे मी कधी मानलाच नाही, माझं झालं का? मग मी शब्दांच्या मागे लागलो.

वंश म्हणजे संस्कृतात मुळात बांबू. पेरावर पेर चढत जातं तशी पिढीवर पिढी, म्हणून कुळाला वंश. वर्ण म्हणजे रंग, आणि वर्ण म्हणजे चार वर्णांतला वर्णही. दक्षिण आफ्रिकेत जे चाललं त्याला मराठी वर्तमानपत्रांनी ‘वर्णद्वेष’ म्हटलं, तेव्हा हे दोन्ही अर्थ एका शब्दात येऊन बसले. नस्ल हा अरबी शब्द, अर्थ संतती. जात हा ‘जन्’ धातूतून आलेला, म्हणजे जन्माने मिळालेली. गंमत अशी की उर्दूत तोच शब्द ‘ज़ाल’ने लिहितात, अरबी ‘ज़ात’सारखा, ज्याचा अर्थ स्वतःचं अस्तित्व, आपण स्वतः. जन्म आणि स्व, दोन वेगळ्या भाषांतले दोन शब्द एकमेकांत मिसळले, आणि माणूस म्हणजे त्याची जात हे कानाला खरं वाटायला लागलं.

मराठीत आणखी एक घोटाळा आहे. ‘जातीय दंगल’ म्हटलं की मराठी वाचक हिंदू-मुस्लिम दंगल समजतो. ‘जातीय सलोखा’ म्हणजे गणपती आणि मोहरम शांततेत पार पडणं. धर्माला जात म्हणायची ही सवय जुनी आहे. नंतरच्या लेखकांनी ‘जमातवाद’ हा शब्द वापरून हे वेगळं केलं, पण गावात आजही आमची ‘जात’ विचारली की उत्तर अपेक्षित असतं ‘मुसलमान’. याचा परिणाम असा झाला की मुसलमान ही एकच जात ठरली आणि मुसलमानांच्या आतल्या जातींना मराठीत नावच उरलं नाही. आपल्यालाही ते सोयीचं पडलं. त्याकडे येतो.

आधी युरोपकडे जाऊ, कारण ‘रेस’ आणि ‘कास्ट’ हे दोन्ही शब्द घडताना त्यात आपल्याच लोकांचं नाव होतं. १४४९ साली स्पेनमधल्या तोलेदो शहरात नियम झाला की ज्यांचे पूर्वज यहुदी होते त्यांना, ते ख्रिस्ती झाले असले तरी, शहरातली अधिकारपदं मिळणार नाहीत. याला ‘रक्ताची शुद्धता’ म्हणत. पुढे तोच न्याय मुसलमानांच्या वंशजांना, मोरिस्कोंना लागला. त्यांनी धर्म बदलला, नावं बदलली, भाषा बदलली. तरी १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढलं गेलं. रक्त बदलता येत नाही, हा आरोप होता.

त्या धामधुमीतच, १६११ साली, सेबास्तियन दे कोवारुबियास यांचा स्पॅनिश शब्दकोश छापून आला. त्यात ‘रासा’ या शब्दाचे तीन अर्थ येतात. पहिला, चांगल्या पैदाशीचे घोडे. दुसरा, कापडात बाण्याच्या इतर धाग्यांपेक्षा वेगळा दिसणारा धागा. तिसरा माणसांच्या घराण्याबद्दल, आणि तो वाईट अर्थानेच: वंशात मूर किंवा यहुदी यांचा अंश असणं. दुसरा अर्थ वाचून मी थांबलो. माझे अब्बा पॉवरलूमवर जॉबर होते. टॉवेलचा तागा उजेडासमोर धरायचे आणि वेगळा पडलेला धागा बोटाने दाखवायचे. त्या धाग्यामुळे माल बाजूला निघायचा. माणसांना बाजूला काढायचा शब्द मागावरून आला असेल, हे मागांच्या शहरात वाढलेल्या माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

‘कास्ट’ हा शब्द पोर्तुगीज ‘कास्ता’, म्हणजे पैदास, कुळ. गोवा घेतलेल्या पोर्तुगीजांनी इथली व्यवस्था पाहिली आणि घरचाच शब्द तिला लावला. तिथून तो इंग्रजीत गेला. म्हणजे ज्या समाजात धर्मांतरित मुसलमानाचं रक्त तपासलं जात होतं, त्या समाजाच्या शब्दाने आपली जात जगाला कळली.

‘रेसिझम’ हा शब्द मात्र अगदी अलीकडचा. इंग्रजीतला त्याचा एक सुरुवातीचा वापर १९०२ सालचा आहे, रिचर्ड हेन्री प्रॅट या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याच्या भाषणातला. त्यांनी तो निषेधानेच वापरला. पण हेच प्रॅट अमेरिकेतल्या मूलनिवासी मुलांसाठी कार्लाइल इथे शाळा चालवत होते, जिथे मुलांचे केस कापले जात आणि त्यांना मातृभाषा बोलू दिली जात नसे. वेगळं ठेवण्याला त्यांचा विरोध होता. वेगळेपण पुसून टाकण्याला नव्हता. म्हणजे हा शब्द जन्मापासूनच सांगतोय की नुसत्या विरोधावर जाऊ नका, बाकी काय करता तेही बघू द्या.

१९३०च्या दशकात नाझींमुळे ‘रेसिझम’ रुळला. माग्नुस हिर्शफेल्ड यांचं या नावाचं पुस्तक १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, इंग्रजीत आलं. त्याच काळात नाझींच्या विरोधकांतून ‘अँटीरेसिझम’ पुढे आला. आपल्या कोर्समध्ये जो अर्थ होता तो इब्राम केंडी यांच्या २०१९च्या पुस्तकाने घराघरांत नेला. ‘मी रेसिस्ट नाही’ असं म्हणणं आणि अँटीरेसिस्ट असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलं वाक्य स्वतःबद्दल आहे, दुसरं कामाबद्दल. सॉफ्टवेअरवाल्याला हे लगेच कळतं. प्रोग्राममध्ये बग लिहिला नाही म्हणजे बग दुरुस्त केला असं होत नाही.

मग मराठीत असा कामाचा शब्द आहे का? आहे, आणि केंडींच्या बराच आधीचा आहे.

१९२२ साली लाहोरमध्ये एक मंडळ निघालं, नाव ‘जातपात तोडक मंडळ’. विरोधक नाही, तोडक. या मंडळाने १९३६च्या अधिवेशनाचं अध्यक्षपद बाबासाहेब आंबेडकरांना दिलं, भाषण आधी मागवलं, आणि वाचून घाबरले. तोडक मंडळाला एवढं तोडायचं नव्हतं. अधिवेशनच रद्द झालं. बाबासाहेबांनी न झालेलं ते भाषण स्वखर्चाने छापलं. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. मराठीत आपण त्याला जातिनिर्मूलन म्हणतो. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील यांनी १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि ‘जात्यंतक’ हा शब्द आग्रहाने वापरला. चळवळीत त्याचं सोपं रूप झालं ‘जातिअंत’. या तिन्ही शब्दांत ‘विरोधी’ नाही. तोडक, निर्मूलन, अंत. तिन्ही शब्द एखादं काम संपवायला सांगतात.

त्याही आधी जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेत काळ्यांची गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना ती अर्पण केली. पुण्यातल्या माणसाला मिसिसिपीच्या शेतातलं आणि मावळच्या शेतातलं दुःख एका रांगेत दिसलं. शीर्षक बघा: ‘गुलाम’ अरबी, ‘गिरी’ फारसी. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जाबद्दल विचारलं, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरने ब्लॅक पँथरचं नावच उचललं. हा धागा तुटलेला नाही.

तरी बाबासाहेबांनी एक फरक कधीच पुसला नाही. जात म्हणजे वंश नव्हे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, असं त्यांनी त्या भाषणात मांडलं. मला हा मुद्दा आधी उलटा वाटायचा. वंश वेगळा नाही म्हटलं तर आपली तक्रार हलकी होत नाही का? सरकारने तेच केलं. १९६५च्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी करारात रंग, वंश यांच्याबरोबर ‘जन्मकुळ’ हा शब्द भारताच्याच सूचनेवरून आला. पण २००१ साली डरबनच्या परिषदेत दलित संघटना जातीचा प्रश्न घेऊन गेल्या तेव्हा भारत सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नाही, हा इथला विषयच नाही. पुढच्या वर्षी त्या कराराच्या समितीने स्पष्ट केलं की जन्मकुळात जात येते. फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराने भेदभावबंदीच्या कायद्यात जात घातली. ज्या शहरात आमच्या क्षेत्रातले इतके भारतीय आहेत, तिथे याची गरज पडली, यातच काय ते आलं.

पण बाबासाहेबांच्या मुद्द्याचा खरा अर्थ मला आता असा लागतो: जातीला रंगाची गरजच नसते. माणूस डोळ्यांनी वेगळा दिसायला हवा असं काही नाही. आडनाव पुरतं. म्हणून ‘वंशवादविरोधी’ शब्दाने ती पकडली जात नाही.

आता आपल्याकडे. आपल्या सभांमध्ये हा विषय निघाला की कुणीतरी हजरत बिलाल यांचं नाव घेतं, मग मलिक अंबरचं. बाजारात विकला गेलेला हबशी दख्खनचा कारभारी झाला, बघा, इस्लाममध्ये भेद नाही! दोन्ही नावं खरी, इ.स. ६३२च्या शेवटच्या हजच्या खुतब्यातली शिकवणही खरी, की अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठता नाही. पण त्यानंतर शंभर वर्षांच्या आत काय चाललं होतं? अरबेतर नवमुस्लिमांना ‘मवाली’ म्हणत. हसू नका, अरबीत अर्थ आश्रित. मुसलमान झाल्यावरही त्यांच्यापैकी अनेकांकडून जिझिया घेतला गेला. त्याविरुद्ध आठव्या-नवव्या शतकात जी चळवळ उठली तिला ‘शुऊबिया’ म्हणतात, आणि त्यातल्या बरोबरीवाल्यांना नाव होतं ‘अहल-ए-तस्विया’. तस्विया म्हणजे समान करणं, सपाट करणं. ‘मुसावात’ म्हणजे समानता, ती स्थिती झाली. तस्विया ही क्रिया. पुढे त्याच चळवळीतले काही जण इराणी श्रेष्ठ असं म्हणू लागले, तो भाग वेगळा. पण शब्द बघा, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा, आणि पुन्हा कामाचा.

आणि दुसऱ्या बाजूला बाराव्या शतकातला हनफी ग्रंथ ‘हिदाया’. निकाहमधल्या बरोबरीच्या, कफाअतच्या चर्चेत तिथे हलक्या धंद्यांची उदाहरणं येतात: रक्त काढणारा, विणकर, कातडं कमावणारा. इमाम मालिक यांच्या मते बरोबरी पाहायची ती दीनदारीत, धंद्यात नाही. पण आपल्या मुलुखात कुठलं मत चाललं हे सांगायला नको. चौदाव्या शतकात दिल्लीत झियाउद्दीन बरनी तर जन्माने हलक्यांना शिकवूच नये इथपर्यंत गेले.

आम्ही विणकर. मोमीन. हा शब्द आमच्या लोकांनी हट्टाने घेतला, कारण ‘जुलाहा’ म्हणून हिणवलं जायचं. मोमीन म्हणजे श्रद्धावान, त्याला कोण खालचा म्हणणार? आता कोर्सकडे परत येतो.

मी तो कोर्स पूर्ण केला त्याच आठवड्यात ईदसाठी सोलापूरला आलो होतो. चुलत बहिणीसाठी स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, नोकरी चांगली, घर ओळखीचं, दोघांचं एकमेकांशी बोलणंही झालेलं. मुलाकडचे नदाफ, म्हणजे पिंजारी. चाचांनी चहा होईपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लड़का अच्छा है, पन अपने लोगां में नै बैठता.” संपलं. सकाळी ईदगाहवर नदाफ आणि आम्ही एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे होतो. कुणाला ओळखता आलं असतं? पिंजारी कापूस पिंजतो तेव्हा सूत निघतं, सूत निघतं तेव्हा आमचा माग चालतो. बगदादला ज्यांना ९२२ साली मारलं ते मन्सूर हल्लाज, त्यांच्या नावातला ‘हल्लाज’ म्हणजे पिंजारीच. आम्ही त्यांची गोष्ट भक्तीने सांगतो. ज्या विणकराला हिदायाच्या पानावर खाली बसवलं, त्याने आपल्याखाली एक पायरी शोधून ठेवली होती. बाबासाहेब याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत.

मी काय केलं? काही नाही. माझ्या मोबाईलवर कोर्सचं सर्टिफिकेट नुकतंच आलं होतं, शंभर टक्के गुण. बहिणीचं पुढच्या वर्षी बिरादरीत लग्न झालं. ती बरी आहे. मध्ये एकदा हा विषय निघाला तर एवढंच म्हणाली, “भाई, तुम तो मोबाईल देखते बैठे थे.”

घर नाकारणाऱ्या एजंटाला मी जातीयवादी म्हणतो. चाचांना काय म्हणू? ते शिव्या देत नाहीत, नदाफांच्या दुकानातून गाद्या आणतात, त्यांच्या मय्यतीला खांदा देतात. ‘आमच्यात जात नाही’ हे वाक्य ते मनापासून बोलतात. हे फक्त घरातलंच दुखणं नाही, त्याची किंमत बाहेर मोजावी लागते. जालन्याचे शब्बीर अन्सारी मुस्लिम ओबीसींची संघटना बांधत होते तेव्हा त्यांना सर्वात आधी आपल्याच लोकांनी ऐकवलं की तुम्ही उम्मत फोडताय. सच्चर समितीने २००६ साली नोंदवलं की देशातल्या मुसलमानांपैकी ४०.७ टक्के ओबीसी आहेत. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे मुसलमानांमधला मेहतर, हलालखोर आजही अनुसूचित जातीत येत नाही. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्यात घेतलं गेलं, मुसलमान आणि ख्रिस्ती बाहेरच आहेत. त्याच्यासाठी भांडायचं तर आधी तो आपल्यात आहे हे कबूल करावं लागतं. आपल्या सोलापुरात प्राध्यापक फकरुद्दीन बेन्नूर सर हे आयुष्यभर लिहीत आणि सांगत राहिले. आपण त्यांच्या सभेला जायचो, घरी येऊन बिरादरीत सोयरीक जुळवायचो.

पट्टीचं पुढे काय झालं, तर मी ‘भेद मोडणारा’ असं सुचवलं. क्लायंटने मान्य केलेल्या यादीत ‘वंशवादविरोधी’च होतं, म्हणून तेच राहिलं. ती लढाई मी लढलो नाही, खरं सांगायचं तर महत्त्वाचीही नव्हती.

दुसरी एक गोष्ट मात्र सध्या माझ्या लॅपटॉपवर आहे. आपल्या शहरात यंदा सर्व मुस्लिम वधू-वर मेळावा घ्यायचं ठरतंय. ‘सर्व’ शब्द बॅनरवर मोठ्या अक्षरात आहे. त्याचा ऑनलाइन फॉर्म बनवायचं काम समितीने माझ्याकडे दिलं. यादी आली: नाव, वय, शिक्षण, उंची, बिरादरी. बिरादरीपुढे तांबडी चांदणी, म्हणजे रकाना सक्तीचा, भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही. आणि शोधताना पहिली चाळणी बिरादरीची. मी विचारलं तर एक ज्येष्ठ म्हणाले, “बेटा, आपण कुठे भेद करतोय, लोकांची सोय बघतोय.”

चांदणी काढायला मला एक मिनिट लागतं. रकाना पूर्ण काढायला दोन. परवानगीशिवाय काढला तर ते समितीशी बेइमानी होईल, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो परत घालेल. म्हणून तो काढावा असा लेखी प्रस्ताव मी दिला आहे. सात सदस्यांपैकी दोघे बरोबर आहेत. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, मुलींना विचारून बघा, किती जणींना ती चांदणी हवी आहे. ते आम्ही विचारतोय. चाचाही समितीत आहेत, त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही.

बैठक येत्या रविवारी जोहरच्या नमाजनंतर आहे आणि ती खुली आहे. वेळ काढून या.